चष्म्यातले नगर आणि पायाखालचा रस्ता

(नाचणगाव, जि. वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात नगररचनेच्या शिक्षणाचा, आणि त्यातही 'आभासी वास्तव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्राचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. कापसाचा भाव, रोजगार हमी, घरकुलांचे रखडलेले हप्ते हे प्रश्न दारात उभे असताना वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांवर कोणते यंत्र चढवावे याची चिकित्सा कशाला, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. परंतु आज जो विद्यार्थी वर्गात बसून नगर आखायला शिकत आहे, तोच उद्या रस्त्याची रुंदी ठरविणार आहे. कोणत्या घरास अतिक्रमण म्हणावयाचे आणि कोणत्या घरास वारसा, हे नकाशावर तोच लिहिणार आहे. त्याची नजर कशी घडते हा प्रश्न म्हणूनच शिक्षणशास्त्राइतकाच सत्तेचाही आहे.

हा प्रश्न नाचणगावात मांडण्यास विशेष औचित्य आहे. नाचणगाव हे जनगणनेच्या लेखी नगर आहे. किमान पाच हजार लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची दाटी, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या उद्योगांत, या तीन कसोट्यांस जे गाव उतरते त्याची नोंद जनगणना खाते 'नगर' म्हणून करते, मग तेथे नगरपालिका असो वा नसो. २००१ साली देशात अशी १,३६२ जनगणना-नगरे होती. २०११ साली ती ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट! या नगरांत वस्ती शहराची, सांडपाणी शहराचे, जमिनीचे भाव शहराचे. परंतु कारभार मात्र ग्रामपंचायतीचा, आणि ग्रामपंचायतीकडे नगररचनाकार नाही. शेजारी पुलगावास नगरपरिषद आहे, मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे स्थानक आहे. नाचणगाव त्याला लागून वाढत राहिले. नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी शिकावे असे गाव खरे तर हेच. परंतु वर्गातल्या पडद्यावर उभी राहणारी नगरे बहुधा निराळी असतात. नदीकाठची उद्याने, काचेचे मनोरे आणि सावलीत कॉफी पिणारी माणसे त्यांत दिसतात.

यंत्राचा खरा लाभ

प्रथम या यंत्राचे जे श्रेय आहे ते त्यास दिले पाहिजे. नवे यंत्र दिसताच भुवया उंचावणे ही पुरोगामित्वाची खूण नव्हे.

डोक्याला बांधण्याच्या या साधनात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखविली जातात, त्यामुळे खोलीचा भास होतो. मान वळविली की चित्रही त्या प्रमाणात वळते. अमेरिकेत आयव्हन सदरलँड या संशोधकाने १९६८ साली असे यंत्र तयार केले तेव्हा ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. आज ते हलके झाले आहे. २०१४ साली गूगल कंपनीने तर पुठ्ठ्याची घडी आणि दोन भिंगे यांत भ्रमणध्वनी बसवून तेच काम थोडक्या पैशांत करून दाखविले.

नगररचनेच्या शिक्षणास याचा उपयोग कोणता? नकाशा हा नेहमी वरून पाहिलेला असतो. घारीला दिसते तसे नगर विद्यार्थ्यास दिसते. माणसाला दिसते तसे दिसत नाही. कागदावर बारा मीटरचा रस्ता ही दोन समांतर रेघांची जोडी असते. त्या रेघांमधून चालताना म्हातारीला पलीकडे जायला किती वेळ लागेल, हे नकाशा सांगत नाही. आभासी नगरात विद्यार्थी रस्त्याच्या पातळीवर उभा राहतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची तीन फुटांवर आणली की पाच वर्षांच्या मुलाला चौक कसा दिसतो हे त्याला कळते. चाकाच्या खुर्चीची उंची धरली की एक पायरी म्हणजे केवढी भिंत असते तेही कळते. मे महिन्यातील दुपारी दोनचा सूर्य आकाशात ठेवला की सावली कोठे पडते आणि कोठे पडत नाही हे पाहता येते, आणि विदर्भात हा प्रश्न सौंदर्याचा नसून प्राणाचा आहे. चुकलेली भिंत कागदावर पाडायला खर्च येत नाही. बांधून झाल्यावर पाडायला गरिबाच्या खिशातून खर्च येतो. तेव्हा चूक आधीच दिसावी यासाठी असे साधन वापरण्यास कोणत्याही समाजवाद्याचा विरोध असण्याचे कारण नाही.

काय दिसत नाही

तथापि या साधनाची एक मर्यादा मूलभूत आहे. त्यात जे कोणी घातले असेल तेवढेच दिसते. खऱ्या रस्त्यावर विद्यार्थ्याला न शोधलेली गोष्टही आडवी येते. उघडे गटार, दुकानापुढे मांडलेली पथारी, सार्वजनिक नळाशी ओळखीने लागलेली रांग यांचा शोध त्याला घ्यावा लागत नाही. आभासी रस्त्यावर आडवे काहीच येत नाही, कारण आडवे येणारे कोणी काढलेलेच नसते. त्यातील माणसे तयार साठ्यातून आणून उभी केलेली असतात. त्यांना भाडे भरावयाचे नसते आणि त्यांना कोणी हुसकावतही नाही.

दुसरी गोष्ट इंद्रियांची. हे यंत्र डोळ्यांचे आणि थोडे कानांचे. ऊन दिसते, पण पोळत नाही. अंतर दिसते, पण पाय दुखत नाहीत. या साधनांतून पाहणाऱ्यास अंतर प्रत्यक्षाहून कमी भासते असे मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत वारंवार आढळले आहे. नव्या यंत्रांत हा दोष कमी झाला, पुरता गेला नाही. डोक्यावर पाण्याचे भांडे घेऊन चालणाऱ्या बाईच्या दृष्टीने दोनशे पावलांचे अंतर म्हणजे काय हे ज्याला शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी हा दोष किरकोळ नाही.

तिसरी गोष्ट अर्थशास्त्राची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. कोणत्याही नगराच्या प्रतिकृतीचा खर्च दोन भागांत पडतो: चित्र उभे करण्याचा आणि माहिती गोळा करण्याचा. संगणकाने पहिला खर्च दरवर्षी उतरत नेला. दुसरा खर्च मात्र उतरला नाही, कारण तो माणसाच्या श्रमाचा आहे. घरोघर जाणे, भाडेकरू कोण आणि मालक कोण हे विचारणे, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यात पाणी असते हे लिहून घेणे, या कामाला वेळ लागतो, प्रवासखर्च लागतो, आणि शिक्षकाला विद्यार्थ्यांबरोबर उन्हात उभे राहावे लागते. चित्र स्वस्त झाले, माहिती महागच राहिली. अशा वेळी पैशाच्या ओढगस्तीत असलेली शिक्षणसंस्था काय करील? यंत्राची खरेदी अहवालात झळकते, पाहणीचा दौरा झळकत नाही. म्हणून यंत्र येते आणि दौरा रद्द होतो. साधन वाईट नसतानाही शिक्षण बिघडते ते या मार्गाने.

माहिती कच्ची असली की चित्र कितीही मोहक असून कामाचे नसते, याचा धडा मुंबईने घेतलेला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये महानगरपालिकेने पुढील वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. नकाशे संगणकावर केलेले होते. परंतु नागरिक ते घेऊन आपापल्या वस्तीत गेले तेव्हा असलेल्या इमारतींवरून रस्ते गेलेले आढळले, वारसास्थळे गाळलेली आढळली. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो आराखडा नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. चुका ज्यांनी पकडल्या ते तेथे राहणारे लोक होते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

दोन जुने धडे

शहर घरात आणून दाखविण्याची कल्पना नवी नाही. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश विचारवंत १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयाचे प्राध्यापक झाले. त्यापूर्वी एडिंबरो येथे १८९२ पासून त्यांनी एक मनोरा चालविला होता. मनोऱ्याच्या माथ्यावर अंधारी खोली होती. भिंग आणि आरसा यांच्या योगाने बाहेरचे चालते-बोलते शहर आत पांढऱ्या मेजावर उतरत असे. म्हटले तर ते त्या काळचे आभासी वास्तवच. परंतु गेडीस पाहुण्याला तेथे सोडून देत नसत. खालच्या मजल्यांवर त्या शहराची, मग देशाची, मग युरोपची आणि जगाची माहिती मांडलेली असे, आणि ते सर्व पाहून माणूस शेवटी रस्त्यावर उतरत असे. अंधाऱ्या खोलीतले चित्र ही सुरुवात. रस्ता हा शेवट.

हेच गेडीस इंदूरला होळकरांच्या राज्यात नगराचा अहवाल करण्यास आले. अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. प्लेगाने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ज्या मोहल्ल्यांत घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ होतील तेथून ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी शहर झाडून काढले. नकाशा हाती असलेल्या तज्ज्ञाने लोकांना पाहुणे न मानता कर्ते मानले, एवढाच या गोष्टीचा अर्थ.

दुसरा धडा मुंबईच्या पदपथांवरचा आहे. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात येतो हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पदपथावरून हटविण्यास मनाई केली नाही. त्या सुमारास स्पार्क ही १९८४ साली स्थापन झालेली संस्था, झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय महासंघ आणि भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांची महिला मिलन ही संघटना यांनी मिळून एक काम हाती घेतले. घर मिळाले तर ते कसे हवे, हे त्या स्त्रियांनीच ठरवावे. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता. मग लाकूड, कापड, पुठ्ठा यांची खऱ्या मापाची घरे उभी करण्यात आली. साडीच्या लांबीने आणि हाताच्या वितीने मापे घेतली गेली. बाया त्या घरांत शिरल्या, चूल कोठे, मोरी कोठे, पाहुणा आला तर निजेल कोठे याचा त्यांनी हिशेब केला, आणि पोटमाळा काढता येईल असे उंच घर मागितले. ती प्रदर्शने पाहण्यास अधिकारीही आले. वितीने मापणाऱ्या बायका त्या दिवशी शिकविणाऱ्या होत्या आणि अधिकारी शिकणारे.

पुठ्ठ्याच्या त्या घरात आणि आजच्या यंत्रात तत्त्वतः फरक नाही. दोन्ही ठिकाणी नसलेल्या जागेत माणूस शिरून पाहतो. फरक आहे तो आत कोण शिरते आणि 'हे चुकले आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, यात. पुठ्ठ्याच्या घरात दहा जणी एकाच वेळी शिरत आणि आपसांत वाद घालत. डोक्याला बांधलेल्या यंत्रात एकटाच माणूस असतो, आणि त्याने काय पाहिले ते शेजाऱ्याला ठाऊक नसते. लोकशाहीच्या दृष्टीने हा या यंत्राचा मोठा उणेपणा आहे, आणि तो ठरवून भरून काढावा लागतो. युनोच्या वसाहतविषयक संस्थेने, म्हणजे यूएन-हॅबिटॅटने, २०१२ पासून संगणकावरील विटांच्या खेळाचा उपयोग करून मोकळ्या जागांची आखणी रहिवाशांकडून करवून घेण्याचा उपक्रम चालविला. नैरोबीतील किबेरा या झोपडवस्तीत त्याचा आरंभीचा प्रयोग झाला. तेथे लोक एका पडद्याभोवती बसले. यंत्र तेच, पण बसण्याची रीत निराळी.

मालकी कोणाची

यंत्राचा जन्म कोणाच्या पैशावर झाला हेही विसरून चालणार नाही. संगणकाच्या साहाय्याने शहरात 'फिरण्याचा' पहिला गाजलेला प्रयोग १९७८ साली अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेत झाला. ॲस्पेन या गावाचे रस्ते मोटारीवर कॅमेरे बसवून टिपण्यात आले, आणि पडद्यावर बोट लावून त्या रस्त्यांतून हिंडता येऊ लागले. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाचा होता; परक्या गावात शिरण्यापूर्वी सैनिकांना तेथील गल्ल्या ठाऊक असाव्यात, हा हेतू. पुढे २०१४ साली फेसबुक कंपनीने सुमारे दोनशे कोटी डॉलरला ऑक्युलस ही यंत्रे बनविणारी कंपनी घेतली. आजची काही यंत्रे पाहणाऱ्याची नजर कोठे व किती वेळ स्थिरावली हेही टिपतात. म्हणजे विद्यार्थी नगर पाहतो आणि कंपनी विद्यार्थ्याला पाहते.

तेव्हा यंत्र नाकारावे काय? नाही. उत्पादनसाधने मोडून टाका असे समाजवाद कधीच म्हणाला नाही. ती कोणाच्या हाती असावीत हा त्याचा प्रश्न आहे. त्रिमितीय चित्रे करणारा ब्लेंडर हा संगणककार्यक्रम २००२ पासून सर्वांस खुला आहे, नकाशांचे काम करणारा क्यूजीआयएस हाही तसाच, आणि २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा तर लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा आहे. ही सारी सामाईक मालकीची साधने आहेत. ती सोडून एखाद्या कंपनीचे भाडेकरू होण्याची सार्वजनिक शिक्षणसंस्थांना गरज नाही.

नाचणगावात काय व्हावे

आता या गावाकडे येऊ. ३० मे २०१६ ची रात्र उलटून गेली आणि मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. सोळाहून अधिक जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. स्फोटांच्या आवाजाने आसपासच्या खेड्यांतील लोकांना अंधारात घरे सोडावी लागली. अशा रात्री लोक कोणत्या रस्त्याने निघतील, अरुंद गल्लीत बैलगाडी आणि मोटार समोरासमोर आली तर काय होईल, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण उचलील, हे नगररचनेचे खरे प्रश्न आहेत. प्रत्यक्षात त्यांची तालीम घेणे कठीण. आभासी नगरात ती पुन्हा पुन्हा घेता येईल. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुकलेचा विभाग आहे. तेथील किंवा अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी करावे असे यापेक्षा मोलाचे काम कोणते?

परंतु त्या तालमीत घालावयाची माहिती उपग्रहाच्या छायाचित्रातून येणार नाही. कोणती वाट पावसाळ्यात बंद होते, कोणत्या फाटकाला कुलूप असते, कोणत्या घरात म्हातारी एकटी राहते, हे नाचणगावच्या माणसालाच ठाऊक. शिवाय दारूगोळा भांडाराच्या परिसरात बांधकामांवर १९०३ च्या कायद्यान्वये बंधने येतात आणि चित्रीकरणावरही. त्या बंधनांचा मान राखून, रहिवाशांच्या सांगण्यावरून, पायी हिंडून केलेली पाहणी हाच येथे मार्ग आहे.

याच जिल्ह्यात, वर्ध्यास, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हाताच्या कामातून ज्ञान यावे, आणि ते ज्ञान भोवतालच्या समाजाशी जोडलेले असावे, हे तिचे सार. त्या विचारातील चरख्याची टवाळी करणारे पुष्कळ निघाले. परंतु त्यातील शिक्षणविषयक दृष्टी आजही शिळी झालेली नाही. नई तालीमच्या कसोटीवर घासले तर आभासी नगराचा क्रम आपोआप ठरतो: आधी पाय, मग हात, मग डोळे. आधी चालून पाहणी, मग हाताने काढलेला नकाशा, आणि त्यानंतर यंत्र.

कार्यकर्त्यांनी यासाठी चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, गावात पाहणी केल्याविना कोणत्याही गावाची आभासी प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये, आणि पाहणीच्या प्रवासखर्चाची तरतूद यंत्रखरेदीच्या आधी व्हावी. दुसरी, भाडेकरू, भूमिहीन, पथारीवाले आणि ज्यांच्या घराला कागद नाही अशांची घरे प्रतिकृतीत दिसलीच पाहिजेत; जो चित्रात नसतो तो पुढे आराखड्यातही नसतो. तिसरी, तयार झालेली प्रतिकृती ग्रामसभेपुढे मोठ्या पडद्यावर, मराठीतून, सर्वांना एकत्र दाखविली जावी, आणि तेथे निघालेल्या चुका दुरुस्त झाल्याविना विद्यार्थ्याला गुण देऊ नयेत. चौथी, तिची एक प्रत खुल्या साधनांत वापरता येईल अशा स्वरूपात गावाच्या वाचनालयात राहावी; मात्र कोणाच्या घरात कोण एकटे राहते असली खासगी माहिती गावाबाहेर जाऊ नये.

यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड जाईल, कारण तिने परीक्षक बदलतो. आजवर नगराच्या आराखड्याची परीक्षा प्राध्यापक आणि अधिकारी घेत आले. उद्या ती नाचणगावची भाजीवाली घेईल, आणि चष्मा डोळ्यांवरून काढून म्हणेल, "येथे माझी पाटी ठेवायला जागा ठेवलेली नाही." त्या वाक्याला पदवी परीक्षेत गुण असले पाहिजेत. महाविद्यालये ही अट स्वतःहून मान्य करणार नाहीत. ती मान्य करवून घेणे हे संघटनेचे काम आहे, आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.